स्मार्टफोन घेताना आधी त्याची प्रणाली पाहा



गेल्या खरिपात लाडखेडकडच्या एका दादांनी मला बांधावर थांबवले. हातात जुन्या बाजारातून घेतलेला, पण नव्यासारखा चकचकीत फोन होता. म्हणाले, "साहेब, पोरानं भारीचा फोन आणला, पण पीकपेऱ्याचं ॲप याच्यात येऊनच नाही राह्यलं." फोन बिघडलेला नव्हता. त्याची प्रणाली जुनी होती, नवे ॲप तीत बसत नव्हते. नोंदीची मुदत तीन दिवसांवर आलेली. शेवटी शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद केली, म्हणून सातबारावर कपाशी लागली.

प्रणाली म्हणजे काय? दारव्ह्यातल्या जुन्या माणसांना शकुंतला गाडी आठवत असेल. तिचे रूळ अडीच फुटी, आणि मूर्तिजापूरचा मोठा मार्ग साडेपाच फुटी. कापसाच्या गाठी तिथे उतरवून दुसऱ्या गाडीत भराव्या लागत. डबा कितीही मजबूत असो, दुसऱ्या मापाच्या रुळावर तो चालायचा नाही. फोनचेही तसेच आहे. प्रणाली म्हणजे रूळ, ॲप म्हणजे डबा. एका प्रणालीसाठी बनवलेले ॲप दुसरीवर चालत नाही, ते वेगळे बनवावे लागते.

आज बाजारात दोन मोठ्या प्रणाली आहेत. गुगलची अँड्रॉइड अनेक कंपन्यांच्या स्वस्त-महाग फोनांत असते. ॲपलची आयओएस फक्त आयफोनमध्ये असते. तिसरी कायओएस, २०१७ साली आलेल्या बटणांच्या जिओफोनमधली. त्यावर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप सुरू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला बंदही झाले. फोन धडधाकट, पण ॲप बनवणाऱ्याने त्या रुळावरची गाडीच बंद केली. म्हाताऱ्या माणसाला बोलण्यापुरता बटणांचा फोन उत्तम. चार्जिंगही बरेच दिवस पुरते. शेतीच्या कागदपत्रांसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

आता आपले काम कोणते ते पाहा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून, फोनवर ठिकाण चालू ठेवून पिकाचा फोटो काढावा लागतो. ही नोंद नसली तर हमीभावाने विकताना आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस देण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. हवामान सल्ल्यासाठी 'मेघदूत', विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही ॲप आहेत. सरकारी ॲप बहुधा आधी अँड्रॉइडसाठी निघते. आयफोनसाठी ते मागाहून येते, कधी येतही नाही. म्हणून घरात एकच फोन घ्यायचा असेल तर माझे मत अँड्रॉइडकडे आहे.

पण अँड्रॉइड म्हटले की झाले, असे समजू नये. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या ठिकाणी आवृत्तीचा आकडा असतो. तो दहाच्या खाली असेल तर फोन फुकटातही घेऊ नये. नवा घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारा, की सुधारणा किती वर्षे मिळणार? स्वस्त फोनांत त्या लवकर थांबतात. रॅम चार जीबी आणि साठवण चौसष्ट जीबी असावी, नाहीतर लग्नाच्या व्हिडिओंनीच फोन भरतो आणि ऐन वेळी पिकाचा फोटो निघत नाही.

अँड्रॉइडचा एक धोका मात्र मोठा आहे. त्यात प्ले स्टोअरबाहेरची फाइलही बसवता येते. 'पीएम किसानचा हप्ता अडकला, ही फाइल उघडा' असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. फाइलच्या नावाशेवटी एपीके असते. ती बसवली की बँकेचे संदेश चोराला दिसू लागतात आणि खाते रिकामे होते. योजना खरी असते, फाइल खोटी असते. अशी फाइल घरच्या माणसाने पाठवली तरी उघडू नये. त्याचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आयफोनमध्ये अशी बाहेरची फाइल सहसा बसत नाही, हा त्याचा खरा गुण. सुधारणाही बरीच वर्षे येतात. किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सोसवला पाहिजे.

जुना फोन घेत असाल तर, कोणत्याही प्रणालीचा असो, आधीच्या मालकाचे खाते त्याच्याच हाताने, तुमच्यासमोर काढून घ्या. नाहीतर फोन कुलूप लावल्यासारखा बंद पडतो आणि किल्ली दुसऱ्याकडे राहते. मग दुकानातच आपल्या कामाची ॲप उतरवून, उघडून पाहा, आणि नंतरच पैसे द्या.

फोन बदलला तरी आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर बदलू नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो. त्यात अधूनमधून रिचार्ज टाकत राहा. फार दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते.