मतं मोजणाऱ्या यंत्राचं राजकारण

नवी मुंबईत, खारघरच्या बेलपाड्याला मेट्रोत चढलेला पोरगा पेंधर येईपर्यंत एका देशाचा सर्वेसर्वा होऊ शकतो. देशाचं नाव, ब्रीदवाक्य, राष्ट्रीय प्राणी आणि चलन मोबाइलवर भरलं की झालं. 'नेशनस्टेट्स' हा खेळ ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी याने १३ नोव्हेंबर २००२ रोजी इंटरनेटवर आणला, तोही स्वतःच्या 'जेनिफर गव्हर्नमेंट' या येऊ घातलेल्या कादंबरीची जाहिरात म्हणून. कादंबरी आज कितीजणांना आठवत असेल कोण जाणे. खेळ मात्र वीस वर्षं उलटली तरी चालूच आहे.

सरकारपुढे रोज काही पेच येतात. त्यातला एक पर्याय निवडला की नागरी स्वातंत्र्य, अर्थव्यवस्था, राजकीय मोकळीक यांचे आकडे वरखाली होतात. विरोधी पक्ष नाही, कोर्ट नाही. एवढ्यावर थांबणारा माणूस लवकर कंटाळतो. रंग भरतो तो देश जागतिक सभेत दाखल झाल्यावर.

ही सभा आधी 'संयुक्त राष्ट्रं' म्हणूनच भरायची. २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नाव वापरू नका अशी नोटीस आली आणि एप्रिलपासून तिची 'वर्ल्ड असेंब्ली' झाली. लुटुपुटुच्या सभेला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कुठून मिळणार?

सभेत एका खेळाडूला एकच देश नेता येतो. देशांचे प्रदेश असतात. प्रदेशातले सदस्य एकमेकांना अनुमोदन देतात आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त अनुमोदनं, तो प्रदेशाचा प्रतिनिधी. जितकी अनुमोदनं, तितकं त्याच्या मताचं वजन वाढतं. 'द नॉर्थ पॅसिफिक'सारख्या प्रदेशाच्या प्रतिनिधीकडे ती हजारावर गेलेली आहेत. ठराव मतदानाला यायचा तर सहा टक्के प्रतिनिधींची मान्यता लागते. मग चार दिवस मतदान. अशा वजनदार प्रतिनिधींनी पहिल्याच दिवशी मत टाकलं की बाकीचे बरेचसे वारं बघून त्याच बाजूला जातात. ठराव मंजूर होताच सगळ्या सदस्य देशांचे आकडे खेळाचं यंत्र बदलून टाकतं, विरोधात मत देणाऱ्यांचेही.

या सभेचा सर्वांत खोडकर नियम म्हणजे मंजूर ठरावात दुरुस्ती नाही. आपल्या विधिमंडळात जुन्या कायद्यातला एक शब्द वगळून दुसरा घालायचं विधेयक आणता येतं; इथे स्वल्पविरामही हलत नाही. आधी तो ठराव रद्द करायचा वेगळा ठराव आणा, त्यात नवी तरतूद एकही नको, तो जिंका, आणि मग नवा मसुदा घेऊन पुन्हा सहा टक्क्यांपासून सुरुवात करा. मधल्या काळात कायदाच नसतो, आणि ती फट साधायला प्रतिपक्ष टपलेलाच असतो.

इथले दोन जुने पक्ष म्हणजे देशाच्या कारभारात सभेने नाक खुपसू नये म्हणणारे सार्वभौमवादी, आणि सगळ्यांना एकच कायदा हवा म्हणणारे संघराज्यवादी. पहिल्यांचं आवडतं हत्यार म्हणजे अडसर-ठराव. २००८ मधला दहावा ठराव अण्वस्त्रांचा. सदस्य देशांना स्वसंरक्षणासाठी अण्वस्त्रं बाळगता येतील, हा त्याचा गाभा. पण तो असेपर्यंत बंदीचा ठराव मांडताच येत नाही! कायदा काही करण्यासाठी नसून दुसऱ्याला काही करू न देण्यासाठी केलेला. मला तरी या खेळातलं हे सर्वांत अस्सल राजकारण वाटतं.

बेलपाड्याला कारभाराच्या चौकटी बदलण्याचा स्वतःचा अनुभव आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली आणि खारघरची ग्रामपंचायत तिच्यात गेली. २४ मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपला, २३ शेकापला. जुलै २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढचा तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकांविना, प्रशासकाच्या सहीवर गेला. खेळात अशी मुदत नाही आणि मुदतवाढही नाही. प्रतिनिधीपद दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी मोजलं जातं.

नेमका तिथेच काहीजण डाव साधतात. मोजणीच्या काही क्षण आधी एक टोळी दुसऱ्याच्या प्रदेशात घुसते, आपल्यातल्या एकाला धडाधड अनुमोदनं देते आणि रहिवासी झोपेत असताना सत्ता घेते. त्यांना हुसकावणाऱ्यांचेही गट आहेत, आणि त्यांची रीतही तीच. मोठ्या प्रदेशांनी म्हणून स्वतःच्या घटना लिहिल्या, सभागृहं आणि न्यायालयं थाटली. यंत्राला त्यातलं अक्षरही कळत नाही.

२००३ साली 'द पॅसिफिक' या प्रदेशात फ्रँकोस स्पेन नावाच्या खेळाडूने अनुमोदनांच्या जोरावर प्रतिनिधीपद मिळवलं, विरोधकांना हाकललं आणि स्वतःची नवी राजवट पुकारली. यंत्राच्या लेखी सगळं नियमात होतं. अशा धड्यांनंतर बऱ्याच प्रदेशांनी साध्या सदस्याने किती अनुमोदनं गोळा करावीत यावर मर्यादा घातली. ती ओलांडणाऱ्याला आधी ताकीद मिळते, आणि तरीही तो गोळा करतच राहिला तर प्रतिनिधी त्याला प्रदेशाबाहेर काढतो.