आपल्याच पेढीचे टपाल दारात का अडते?

ज्या व्यापारी बांधवांनी पेढीसाठी स्वतःचा मेल सर्व्हर बसवला आहे, त्यांची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते. गोदामातून दुकानाला धाडलेले चलन स्पॅमच्या रद्दीत जाऊन पडते आणि गिऱ्हाईक ओरडल्यावर सापडते.

स्पॅमअसॅसिन नावाची चाळणी प्रत्येक पत्राला गुण लावते. 5 गुण भरले की पत्र रद्दी, असा तिचा मूळचा हिशेब. सगळा मथळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत असला (आमच्या कापड लाइनीत ही खोड फार), तर त्याचेही गुण लागतात.

उपाय असा की घरच्या मशिनांचे पत्ते सर्व्हरला सांगून ठेवावेत. पोस्टफिक्समध्ये ते 'मायनेटवर्क्स' या ओळीत लिहितात, स्पॅमअसॅसिनमध्ये 'ट्रस्टेड नेटवर्क्स'मध्ये. दोन्ही एक समजू नयेत. पहिली ओळ म्हणजे आपल्या सर्व्हरमार्फत बाहेर टपाल पाठवण्याची इजाजत. दुसरी म्हणजे हे मशीन खोटा पत्ता लिहीत नाही, एवढाच एतबार. तिने चाळणी उठत नाही, गुण थोडे कमी होतात.

खरी जोखीम पुढे आहे. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1996 च्या नियमाने खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. म्हणून काही जण ती सगळी पट्टीच यादीत लिहून मोकळे होतात. पण दुकानात गिऱ्हाइकांसाठी वायफाय असेल, तर त्यांच्या मोबाइललाही बहुधा त्याच पट्टीतला पत्ता मिळतो. एखाद्यात व्हायरस असला की आपल्या सर्व्हरमधून हजारो रद्दी पत्रे जातात, पेढीचा पत्ता स्पॅमहाउससारख्यांच्या काळ्या यादीत चढतो, आणि मग सुरतच्या आडत्याकडे आपले खरे बिलही पोहोचत नाही. शिवाय काही राउटर बाहेरून आलेल्या टपालावर स्वतःचाच आतला पत्ता चिकटवतात. तो यादीत असला की साऱ्या दुनियेला सूट!

तेव्हा सूट फक्त कायम पत्त्याच्या मोजक्या मशिनांना द्यावी: गोदामाचे बिलिंग मशीन, स्कॅनर, एवढेच. वायफायचे जाळे वेगळे करावे. फिरतीवरच्या एजंटाचा पत्ता रोज बदलतो. त्याने 587 नंबरच्या दाराने पासवर्ड देऊन यावे. व्हायरसची तपासणी मात्र कोणालाच माफ नको, मालकालाही नाही.

बदल झाल्यावर कॉम्प्युटरवाल्याला बाहेरच्या लाइनीवरून, पासवर्ड न देता, आपल्या सर्व्हरमार्फत परक्या पत्त्यावर पत्र पाठवून पाहायला सांगावे. सर्व्हरने ते घेतले, तर यादीत कुठेतरी जादा पत्ता शिरला आहे. तो त्याच दिवशी काढून घ्यावा.