बंदुकीवर गंज? पॉलिश पेपर हाती घेण्याआधी हे वाचा

घरातल्या परवान्याच्या बंदुकीवर गंजाचे डाग दिसले की अनेकांना ती घासून चकचकीत करावीशी वाटते. पण तसं करणं महागात पडू शकतं.

निळसर-काळा रंग कशाचा?
तो वरून दिलेला रंग नसतो. 'ब्लूइंग' प्रक्रियेत पोलादावर लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर तेल धरून ठेवतो आणि तांबडा गंज रोखतो. पॉलिश पेपरने तोच निघून जातो आणि उघडं पोलाद पावसाळी हवेत लवकर गंजतं.

घरी ब्लूइंग करता येईल?
नको. गरम ब्लूइंगमधलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळतं. ते त्वचा भाजतं. जुन्या डबल बॅरलच्या नळ्यांमधलं सोल्डरही खातं.

कायदा काय सांगतो?
बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं याला शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ नुसार मनाई आहे.

मग काय करावं?
बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. मऊ सुती कापडाने पुसून गन ऑइलचा हलका हात फिरवा. गंज खोल असेल, तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या.