गोड वासाचा पाइप

माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेर धरणाच्या मोजणीसाठी तंबू पडले होते. त्यांतले मोठे साहेब संध्याकाळी घडीच्या खुर्चीवर बसून पाइप ओढीत. वारा गावाकडे असला म्हणजे त्या धुराचा वास थेट पारापर्यंत येई, आणि आम्ही पोरे म्हणायचो, "कुठं तरी गुऱ्हाळ लागलंय." कारण तो वास तंबाखूचा वाटतच नसे. काकवीचा वाटे, भाजलेल्या गुळाचा वाटे, आणि त्यावर आणखी एक वास असे, ज्याला आमच्याजवळ नाव नव्हते. ते नाव व्हॅनिला, हे मला पुढे शहरात आइस्क्रीम खाल्ले तेव्हा कळले.

आमचे आजोबा चिलीम ओढणारे. एकदा ते बांधावरच्या खुंटीची तक्रार घेऊन तंबूवर गेले, मी मागोमाग. तक्रार मिटली आणि साहेबांनी आपल्या डब्यातली चिमूटभर तंबाखू त्यांच्या चिलमीत घातली. आजोबांनी सवयीप्रमाणे जोराचा झुरका घेतला आणि तोंड वाकडे केले. वाटेत म्हणाले, "वास काकवीचा, चव पाल्याची, नि जीभ पोळली ती वेगळीच!" रिकामा झालेला तो डबा मात्र आमच्या घरी आला. कोणत्या छापाचा होता, ते आता आठवत नाही. गुरुजींनी त्यावरचे इंग्रजी वाचून सांगितले, "हा सौम्य तंबाखू, असं लिहिलंय." आजोबांनी लगेच विचारले, "म्हंजे बाधत नाही व्हय?" गुरुजी गप्प राहिले. त्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे आहे, म्हणून आधी डब्यात असते काय ते पाहू.

तंबाखूचा निम्मा खेळ पान कसे सुकवले ह्यावर असतो. व्हर्जिनिया जातीचे पान बंद भट्टीघरात टांगतात, नळांतून उष्णता खेळवतात आणि पाच-सात दिवसांत वाळवून काढतात. आपल्याकडे आंध्रात आणि म्हैसूरच्या बाजूला अशी भट्टीघरे आहेत. उष्णतेने पानातल्या पिठूळ अंशाची साखर होते, आणि ती खर्ची पडण्याच्या आतच पान वाळते. म्हणून हे पान पिवळेधमक आणि गोडसर. बर्लीचे नेमके उलट. ते पान हवेशीर छपरीत, सावलीत, महिना-दोन महिने टांगून ठेवतात. एवढ्या सावकाशीत पान आपली साखर स्वतःच खाऊन टाकते. मागे उरते ते तपकिरी, हलके आणि सच्छिद्र पान. त्यात गोडी नाही, पण रस शोषण्यात ते मोठे पटाईत. भाकरी कालवणात बुडवावी तसे ते पाक पिते.

ह्या पांढऱ्या बर्लीची जन्मकथा शेतकऱ्यांना आवडेल. अमेरिकेत ओहायो राज्यात ब्राउन परगण्यात जॉर्ज वेब नावाचा शेतकरी होता. १८६४-६५ च्या सुमारास त्याच्या वाफ्यात काही रोपे फिकट, रोगट दिसणारी उगवली. दुसऱ्या कोणी उपटून टाकली असती. ह्याने ती शेतात लावली. रोपे चांगली वाढली, रंग मात्र फिकटच राहिला, आणि सुकलेले पान गोड पाक भरपूर शोषून घेते असे दिसून आले. पानात हरितद्रव्य कमी असल्यामुळे ती रोपे तशी दिसत होती. पुढे ओहायो आणि केंटकीच्या त्या पट्ट्यात हे वाण फार पसरले. १९०७ साली रेनॉल्ड्स कंपनीने बर्लीचाच 'प्रिन्स अल्बर्ट' हा पाइपचा तंबाखू बाजारात आणला. डब्यावर इंग्लंडच्या राजपुत्राचे, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्ड राजाचे, चित्र. आणि जाहिरात कशाची, तर हा तंबाखू जिभेला चावत नाही ह्याची! त्यासाठी वापरलेल्या प्रक्रियेच्या पेटंटची तारीख, ३० जुलै १९०७, डब्यावरच छापलेली असे. लोकांना सौम्य तंबाखू हवा आहे, हे व्यापाऱ्यांनी असे फार लवकर ओळखले.

आता गोडी कशी चढवतात? पहिला हात पाकाचा. साखर, मध, ज्येष्ठमध, कोको ह्यांचे पाणी पानावर मारून ते मुरवतात. हे काही आपल्याला नवे नाही. गुडगुडीसाठी तंबाखूत काकवी किंवा गूळ कुटून गुडाखू करणारे लोक हेच करीत आले. सुगंधी, नटव्या धूम्रपानाची हौसही इकडे जुनीच. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तो तंबाखू आणि ओढण्याची रत्नजडित नळी घेऊनच. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, आणि दरबारचे वैद्य तेव्हाच नको म्हणाले, असे असद बेगाने स्वतः लिहून ठेवले आहे.

पाक मुरलेले पान वाफेवर धरून दाबाखाली ठेवले म्हणजे कॅव्हेंडिश होते. वाफ फार वेळ दिली तर ते काळेभोर होते आणि त्याचा स्वतःचा तिखटपणा पुष्कळ मावळतो. मग पान कातरून मिश्रण तयार झाल्यावर शेवटचा हात वासाचा: व्हॅनिला, चेरी, रम. हा थर पानात मुरत नाही, पानावर बसतो. तो उडून जाऊ नये आणि तंबाखू कोरडा पडू नये म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. पूर्वी व्हॅनिलासारख्या वासासाठी टोंका नावाच्या झाडाच्या बिया वापरीत. त्यांतले कूमारिन यकृताला घातक, म्हणून अमेरिकेने १९५४ साली खाद्यपदार्थांत त्याला बंदी केली. सुगंध म्हटला की तो निरुपद्रवीच, असा आपला एक समज असतो, म्हणून हे सांगितले.

आजोबांची पहिली दोन कोडी इथेच सुटतात. वरचा वास हलका असतो. उष्णता लागताच तो उडून खोलीत पसरतो आणि जवळ बसलेल्यांना सुखावतो. ओढणाऱ्याच्या जिभेवर येतो तो मुख्यतः पान जळल्याचा धूर. म्हणजे ह्या तंबाखूची गंमत ओढणाऱ्यापेक्षा शेजाऱ्यालाच अधिक! घरच्यांची पाइपला हरकत नसते, तिचे कारण बहुतेक हेच.

जीभ पोळली ती ओलीमुळे. असा तंबाखू मुळात दमट. जोराने ओढला की त्यातल्या पाण्याची कढत वाफ नळीतून जिभेवर येते. जाणकार पाइपवाले असा तंबाखू कागदावर पसरून थोडा वेळ सुकू देतात. भरताना तळाशी अगदी सैल, वर जरा दाबून भरतात. पहिल्या काडीने नुसता वरचा थर काळा करतात, तो फुगून वर आला की ठासणीने हलकेच दाबतात आणि मग दुसरी काडी. त्यानंतर घोट घेतल्यासारखे संथ, अधूनमधून ओढायचे. विझला तर विझू द्यायचा. साहेबांचा पाइप एवढा वेळ का पुरे, आणि ते सारखे काड्या का ओढीत, ते मला आत्ता कळते. आजोबांनी तो चिलमीचा दम मारला, तिथेच चुकले.

पाइपही ओल शोषणारा लागतो. उत्तम म्हणतात ते ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावरच्या गाठीचे. फ्रान्समधले सां-क्लोद हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. गरिबाचा पाइप मात्र मक्याचे दाणे काढून उरलेल्या कणसाचा. अमेरिकेत मिसूरी राज्यात हेन्री टिबी ह्या हॉलंडहून आलेल्या कारागिराने १८६९ पासून तो धंदा उभा केला. टाकाऊ कणसातून कारखाना निघाला, बरं का!

आता गुरुजींना न सुटलेले कोडे. 'सौम्य' हा शब्द नाकाजिभेपुरता आहे; पानातल्या निकोटिनला तो लागू नाही. "पण पाइपवाला धूर छातीत कुठे घेतो?" असे विचारतात. खरे आहे, पुष्कळ जण घेत नाहीत. सिगारेटीचा धूर बहुधा आम्लधर्मी, त्यातले निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. पाइपचा, त्यातही बर्लीसारख्या वाऱ्यावर वाळलेल्या पानाचा, धूर अल्काकडे झुकतो; अशा धुरातले निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरते. आपण तंबाखूला चुना का लावतो? चुना अल्क आहे, तो निकोटिन मोकळे करतो आणि मग ते गालातून पटकन लागते. साहेबांचा रुबाबदार पाइप आणि आपली तळहातावरची चिमूट ह्यांचे असे हे जवळचे नाते. शिवाय सिगारेटीत एक ग्रॅमसुद्धा तंबाखू नसतो. पाइपच्या एका भरणीत दोन-तीन ग्रॅम सहज जातो.

आणि वरून घातलेली साखर? ती जळते, आणि जळताना फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड अशी बाधक द्रव्ये होतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तर कोणतेही पान जळले की असणारच. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला कर्करोग होतो, हे जर्मन वैद्य झोमरिंग ह्याने १७९५ मध्येच लिहिले होते. १९६४ च्या अमेरिकन सरकारी अहवालाने तो कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे म्हटले. फुप्फुसाचा कर्करोग पाइपवाल्यांत सिगारेटवाल्यांपेक्षा कमी आढळतो हे कबूल केले पाहिजे. पण न ओढणाऱ्यांपेक्षा तो जास्तच आहे, आणि तोंड, घसा, अन्ननलिका ह्यांची जोखीम तर आहेच.

शिक्षकमंडळींनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पोराला पहिला झुरका कडूच लागतो, आणि तो कडूपणाच पुष्कळांना परत फिरवतो. गोड वास ती अडचण दूर करतो. म्हणूनच अमेरिकेने २००९ साली सिगारेटींत मेंथॉल सोडून बाकीच्या मिठाईच्या नि फळांच्या वासांना बंदी केली. पाइपचा तंबाखू मात्र त्यातून सुटला, बहुधा तो म्हाताऱ्यांचा शौक समजून. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्याला मनाई आहे; वासाबद्दल तो कायदा काही बोलत नाही. आम्ही पोरे त्या रिकाम्या डब्यात नाक घालून बसत असू, आणि कुणी आम्हाला हटकले नाही.

आजोबांनी साहेबांचा तंबाखू पुन्हा कधी घेतला नाही. चिलीम आणि चुना-तंबाखू मात्र चालू होते. काही वर्षांनी त्यांच्या खालच्या ओठाच्या आत एक फोड आला. दुखत नव्हता, म्हणून आम्ही लोणी लावीत राहिलो. सुगी झाली, पाडवा झाला, आणि मग तालुक्याला नेले. तोवर गळ्यात गाठ आली होती.

तोंडातला फोड किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा तांबडा चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर दुखत नसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना तंबाखू सोडायचा आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.