लौकिक आणि अब्रू

मानमर्यादा दाखविणाऱ्या शब्दांची मराठी भाषेंत उणीव नाहीं. पत, लौकिक, इभ्रत, प्रतिष्ठा, कीर्ति, अब्रू हे शब्द घरांत, बाजारांत आणि कचेरींत सारखे कानांवर पडतात. पण या सर्वांचा अर्थ एकच नव्हे. पत हा पेढीवरचा शब्द. पत असेल तरच सावकाराची हुंडी वटत असे. लौकिक म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेलें नांव. अब्रू हा शब्द फारसींतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी अथवा तेज, आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचें पाणी ती अब्रू. ‘बूंदसे गयी वो हौदसे नहीं आती’ ही म्हण अब्रूविषयीं वापरतात. नाक कापलें जाणें, तोंड काळें होणें, मान खालीं घालावी लागणें हे वाक्प्रचारहि चेहऱ्याकडेच बोट दाखवितात. आणि चेहरा ही अशी वस्तु आहे कीं ती ज्याची त्याला दिसत नाहीं; इतरांनाच दिसते.

या विषयाचें मर्म येथेंच आहे. मनुष्याची एक किंमत लोकांच्या दृष्टींत असते, दुसरी त्याच्या स्वतःच्या विवेकापुढें असते. पहिलीला लौकिक म्हणावें, दुसरीला शील. दोन्ही बरोबर चालतात तोंपर्यंत त्यांतील भेद कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ज्या दिवशीं त्या एकमेकींपासून दूर होतात, त्या दिवशीं मनुष्याची परीक्षा सुरू होते. आणि श्रेष्ठ वाङ्मयाला याच दिवसाचें आकर्षण वाटत आलें आहे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांतील चारुदत्त हा औदार्यापायीं दरिद्री झालेला सज्जन आहे. वसंतसेना आपले अलंकार त्याच्या घरीं ठेव म्हणून ठेवते आणि शर्विलक भिंतीला भोंक पाडून ते चोरून नेतो. चोरी झाली हें खरें. पण दरिद्री माणसाच्या तोंडून तें खरें कोण मानणार, ही चारुदत्ताची चिंता. त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला पुढें करते. ती माला वसंतसेनेकडे पाठवून चारुदत्त निरोप देतो कीं अलंकार द्यूतांत हरले. जुगारी म्हणवून घेण्याची त्याची तयारी आहे. ठेव बुडविणारा म्हणवून घेण्याची नाहीं. पुढें शकाराच्या कपटानें वसंतसेनेच्या खुनाचाच आळ त्याच्यावर येतो. वधस्थानाकडे नेतांना दवंडी पिटली जाते, तेव्हां मरणापेक्षां नांवाला लागलेला कलंक त्याला अधिक बोंचतो. वसंतसेना जिवंत परत येते म्हणून नाटकाचा शेवट गोड होतो. पण तत्पूर्वीं प्रेक्षकाला एक गोष्ट दिसून चुकलेली असते. सबंध उज्जयिनीनें वाखाणलेला माणूस एका दिवसांत खुनी ठरूं शकतो, आणि तरीहि तो जो होता तोच राहतो.

शेक्सपिअरनें ‘ऑथेल्लो’ नाटकांत या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं ‘झुंझारराव’ या नांवानें हें नाटक मराठींत आणलें. मूळ नाटकांत कॅसिओ मद्याच्या भरांत भांडण करून सैन्यांतील आपला अधिकार गमावतो आणि नांव गेलें म्हणून आक्रोश करतो. इयागो त्याची समजूत घालतो कीं लौकिक ही पोकळ वस्तु आहे. ती योग्यतेवांचून मिळते आणि अपराधावांचून जाते. पुढच्याच अंकांत तोच इयागो ऑथेल्लोला सांगतो कीं मनुष्याचें खरें धन म्हणजे त्याचें चांगलें नांव. दोन्ही विधानांत तथ्य आहे. पण सांगणाऱ्याला तथ्याशीं कर्तव्य नाहीं. ऑथेल्लो आपली अब्रू पत्नीच्या वर्तनांत ठेवतो आणि तें वर्तन पाहण्यासाठीं डोळे मात्र इयागोचे उसने घेतो. मग एक हातरुमाल पुराव्याला पुरेसा होतो. निरपराध डेस्डिमोनाचा जीव घेतल्यावरहि आपण केलें तें अब्रूसाठींच, असें तो म्हणतो.

घराण्याची अब्रू बायकांच्या वागणुकींत ठेवण्याची ही रीत परदेशच्या नाटकापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रांत बालविवाह आणि विधवांचें केशवपन यांचें समर्थन करतांना ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न शास्त्रार्थाइतकाच पुढें येई. त्या प्रश्नाला न भिणारे गोपाळ गणेश आगरकर यांनीं लौकिकाचीं दोन्ही टोकें स्वतः अनुभवलीं.

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून आरोप प्रसिद्ध झाले होते. ज्या पत्रव्यवहारावर ते आधारलेले होते तो बनावट ठरला. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत १८८२ च्या जुलैंत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत काढून ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचें मोठ्या उत्साहानें स्वागत केलें. कायद्यानें अपराधी ठरविलेल्या माणसांचा लौकिक तुरुंगानें वाढविला. पुढें १८८८ सालीं आगरकरांनीं ‘सुधारक’ पत्र काढलें आणि रूढींवर प्रखर टीका सुरू केली. तेव्हां पुण्यांतील सनातनी मंडळींनीं ते जिवंत असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्या बुद्धीनें त्यांनीं सरकारी दडपणाची पर्वा केली नाहीं, त्याच बुद्धीनें ते लोकांच्या दडपणाचीहि पर्वा करीत नव्हते. माणूस तोच होता; बदलला तो लोकांचा आवाज. १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतांना त्यांचें निधन झालें. आज त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. पण तो आदर पाहावयास ते राहिले नाहींत.

कायद्यालाहि हा भेद मान्य आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ४९९ व्या कलमांत, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत, अब्रुनुकसानीची कसोटी एकच आहे: इतरांच्या दृष्टींत त्या माणसाची किंमत उतरली काय? न्यायालय लौकिकाचें रक्षण करूं शकतें. शीलाचें रक्षण तें करूं शकत नाहीं, आणि त्याची हानि करणेंहि परक्याच्या हातीं नसतें.

म्हणून लौकिक तुच्छ ठरतो काय? मुळींच नाहीं. उधारी, साक्ष, सोयरीक, नेमणूक हे सारे व्यवहार परस्परांच्या नांवावरील विश्वासानेंच चालतात. लोकलाज अजिबात सोडलेला माणूस धीट असतोच असें नाहीं. तो पुष्कळदां नुसता निगरगट्ट असतो. आगरकरांनीं लौकिक झुगारला नाहीं; सत्य आणि लौकिक यांपैकीं एकच राखतां येईल अशी वेळ आली तेव्हां सत्य राखलें, इतकेंच.

डोंगरीच्या तुरुंगांत असतांना आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें भाषांतर केलें, तें १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. त्या नाटकाच्या अखेरीस मरणोन्मुख हॅम्लेट आपल्या मित्राला विनवितो कीं तूं मागें राहा आणि खरी हकीकत लोकांना सांग. शील राखणें ज्याचें त्याच्या हातीं असतें. नांव मात्र दुसऱ्यांच्या स्वाधीन असतें. वसंतसेनेचे अलंकार चारुदत्ताच्या घरीं होते, त्याप्रमाणें प्रत्येकाचा लौकिक शेजाऱ्यांच्या घरीं ठेव म्हणून असतो. आपल्या अब्रूची काळजी वाहणाऱ्यानें दुसऱ्याची ही ठेवहि तितक्याच काळजीनें सांभाळावी, हें अब्रूदारपणाचें पहिलें लक्षण होय.