घाटावरची पोर आणि समुद्र

आमच्या अक्कलकोटहून समुद्र पाहायला निघायचे तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळे धाकट्या भावाची मुलगी म्हणाली, "काका, मला संग्रहालयशास्त्र शिकायचंय, जहाजांचा इतिहास," तेव्हा घरात हशा पिकला. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्हीच सांगा हिला. घाटावरच्या पोरीला जहाजांचं काय? बँकेची परीक्षा दे म्हणावं."

मी जन्मभर बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या. अभिरक्षकाचे कामही तेच, असे मला वाटे. तो समज सदाशिव गोरक्षकरांच्या कामाने घालवला. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे, ते संचालक होते. कल्पना देसाईंसह त्यांनी भारताच्या सागरी वारशावर ग्रंथ सिद्ध केला. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१९ साली ते गेले. बँक वस्तू जपते ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून; संग्रहालय जपते ते सर्वांनी पाहावे म्हणून.

आणि पाहायलाही शिकवावे लागते. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ घ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ते नुसते उभे दगड. जाणकार सांगतो, खालून वर वाचा: खाली वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांची लढाई, वर वीरांना मिळालेला स्वर्ग. अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. यादव देवगिरीचे. म्हणजे तेही घाटावरचेच!

आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर तर याहून जुने. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव 'तगर' असे येते. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजांत चढे. कापड विणणाऱ्या सोलापूरकरांना हे परके का वाटावे?

या वाटेवर नोकऱ्या थोड्या आणि पगार बेताचे, हे मी पुतणीला स्पष्ट सांगितले. भावाला एवढेच म्हणालो, "बँकेचा फॉर्म भरू दे, पण त्याआधी एक रविवार मला दे." तेरला रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. आम्ही तिघे तिथे जाणार आहोत. भाऊ अजून कुरकुरतोच आहे. पण गाडी मात्र त्यानेच ठरवली.