कुर्ल्यांची शिरगणती

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा नदी. त्यांच्या काठच्या खारफुटीत आणि खाजनांत चिखलातली कुर्ली वाढते. डिचोलीकडेही मांडवीची भरती पोहोचतेच. बाजारात टोपली भरलेली दिसली, की नदीही भरलेली असेल असे आपण समजतो. हा हिशेब फसवा आहे.

वर्गात मी मुलांना विचारतो : काल १० सापळ्यांत २० कुर्ल्या मिळाल्या, आज ४० सापळ्यांत २०, फरक कोणता? टोपली तीच, पण नदी रिकामी होत चालली! म्हणूनच पाहणी करणारे अभ्यासक कुर्ल्यांबरोबर सापळे आणि रात्रीही मोजतात.

पुढे कवचाची रुंदी व नर-मादी यांची नोंद होते. नराच्या पोटाखालची झडप अरुंद व त्रिकोणी, प्रौढ मादीची रुंद व गोलसर. वय मात्र सहजी कळत नाही. माशाच्या कानातील खड्यावरील वलये त्याचे वय सांगतात. कुर्ली कात टाकते, तेव्हा कवचावर केलेली खूणही गळून पडते.

अंडी घालण्यासाठी मादी खाडी सोडून समुद्राकडे निघते. तिच्या पोटाखाली लाखो अंडी असतात. तिला वाटेतच पकडणे म्हणजे बियाण्याचे भात शिजवून खाणे होय. अशी मादी आणि लहान कुर्ली सोडून द्यावी, हा नियम कागदावर सोपा. ज्याची चूल त्या टोपलीवर पेटते, त्याला तो जड जातो. त्याला उपदेश नको, पुरावा हवा. तो त्याच्याच वहीत रोजच्या सापळ्यांच्या आकड्यांनी लिहिला गेला, तर तो नियम परका वाटणार नाही.